कमरेएवढा ओटा

हारुन बोटीवरून उतरून घरी आला तेव्हा त्याच्या ट्रंकेत कपडे थोडे आणि कागद फार होते. रहिमाने वरचे दोन सदरे बाजूला केले, तर खाली सगळे कागदच. आगबोटीच्या कोठीतल्या याद्यांचे छापील कागद होते ते. पुढून इंग्रजी अक्षरं, आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीच्या रेघाच रेघा.

"हे काय आणलंत?" तिने विचारलं.

"आपलं नवं सैपाकघर," हारुन म्हणाला, आणि तिथेच जमिनीवर कागद पसरून बसला.

पंधरा वर्षं तो आगबोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. वर्षातले अकरा महिने पाण्यावर आणि एक महिना पूर्णगडच्या खाडीकाठच्या या घरात, असा त्याचा संसार. बोटीवरच्या चिंचोळ्या भटारखान्यात चाळीस माणसांचं जेवण तो उभ्या उभ्या रांधायचा. हाताशी सगळं असायचं. मसाल्याचे डबे फळीवर, फळीला पुढून पट्टी, म्हणजे बोट कलली तरी डबा पडायचा नाही. तसंच सगळं त्याला घरी करायचं होतं. मागच्या पडवीत भिंतीलगत कमरेएवढा चिऱ्याचा ओटा, ओट्यावर तीन चुली, तिन्ही चुलींना मिळून एक धुराडं, वर फळ्या, पळ्या टांगायला आकडे.

"म्हणजे उभ्यानं रांधायचं?" रहिमाने विचारलं. आवाज होईल तेवढा साधा ठेवला.

"उभ्यानंच. बसायचं नाही, उठायचं नाही."

रहिमा पाणी आणायच्या निमित्ताने आत गेली. तिला हसू आलं होतं आणि ते दाखवायचं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या शेवाळलेल्या पायरीवरून तिचा पाय घसरला होता. सूज उतरली, पण उजवा गुडघा पुरता वळेना. पाय लांब पसरून ती चुलीपुढे बसायची आणि उठताना दाराच्या चौकटीला धरून अंग वर ओढायची. कुणी आलं की बसूनच राहायची, आणि हारुन आल्यापासून त्याची पाठ वळली की मगच उठायची. लेक गेल्या साली राजिवड्याला दिलेली, त्यामुळे घरात बघणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला पत्रातून काही कळवलं नव्हतं. कळलं तर तो नोकरी सोडून यायचा, हीच तिला भीती. सन बत्तीसचं, मंदीचं साल होतं, आणि गेलेली नोकरी परत मिळण्याचे दिवस नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून हारुनचा हिशोब सुरू झाला. चिरे किती, चुना किती, गवंड्याचे दिवस किती. फळ्यांना फणसाचं लाकूड. जुनी कौलं उतरवून मंगळुरी कौलं. उजेडाला छपरात काच. रोज सकाळी तो नवं काहीतरी वाढवायचा. पहिल्या दिवशी नव्वद रुपये होते, चौथ्या दिवशी एकशे चाळीस झाले.

रहिमाला वाचता येत नव्हतं, पण हिशोब कळत होता. हा माणूस दरवर्षी साठ-सत्तर रुपये घेऊन यायचा. यंदा एवढे कुठून आले? आणि दरवर्षी घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या परतीची तारीख सांगणारा माणूस यंदा त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हता. तिने दोनदा विचारायचं मनात आणलं, आणि दोन्ही वेळा तो टेप घेऊन भिंतीकडे गेला.

पाचव्या दिवशी हारुनची थोरली बहीण आली. फातिमाबुबू पलीकडच्याच आवाठात, म्हणजे वाडीत, राहायची. भिंतीवरच्या कोळशाच्या खुणा तिने नीट पाहून घेतल्या.

"बायको काय उभ्यानं रांधणार?" ती म्हणाली. "उभ्यानं रांधलेल्याला बरकत नसते, हारुन. आपली आई असती तर तिने असलं चालवून घेतलं नसतं."

हारुन चाळीस खलाशांना गप्प करायचा, पण बुबूपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं. त्याने कागदाची घडी घातली. "बरं, चुली खालीच ठेवू. फळ्या तेवढ्या मारून घेऊ."

रहिमा चहा गाळत होती. चार दिवस मनात उभा राहिलेला ओटा एका वाक्यात खाली आला होता, आणि त्याच्यासाठी भांडायचं तर गुडघ्याचं सांगावं लागलं असतं.

सकाळी धाकू सुतार माप घ्यायला आला. भिंत मोजली, वासे मोजले, मग चुलीकडे वळला.

"भाभी, चुलीपुढे बसा जरा. हात कुठवर पोचतो ते बघून फळी मारतो."

"अंदाजाने मारा की."

"अंदाजाने मारली आणि उठताना डोक्याला लागली, तर वर्षभर माझ्या नावाने ओरडाल," धाकू म्हणाला.

हारुन बघत होता. भिंतीला हात टेकून रहिमा कशीबशी खाली बसली. धाकूने तिला हात वर करायला लावला, खूण केली आणि म्हणाला, "झालं. उठा."

चौकट हाताच्या टप्प्यात नव्हती. रहिमा चुलीतली लाकडं सारखी करू लागली. सारखी करून झाली, तरी करत राहिली. धाकू थांबला. हारुनही थांबला. मग धाकूने टेप गुंडाळला आणि "मी जरा तंबाखू मळून येतो," म्हणत तो अंगणात निघून गेला.

हारुनने तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि तिला उभं केलं.

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून."

"मला का नाही कळवलंस?"

"कळवलं असतं तर तुम्ही बोट सोडून आला असता."

हारुन उंबऱ्यावर बसला. "मी नाही सोडली, रहिमा. बोटीनंच मला सोडलं."

मग सगळं बाहेर आलं. माल नाही म्हणून कंपनीने मुंबईला बोट बांधून ठेवली होती आणि सगळ्या माणसांना पगार चुकता करून घरी घालवलं होतं. दीड महिना हारुन दुसऱ्या बोटींसाठी भरतीच्या रांगेत उभा राहिला. कुणी घेतलं नाही. साठवलेले आणि हाती आलेले मिळून एकशे दहा रुपये होते. पुढे काही यायचं नव्हतं.

"मग एकशे चाळीसचा हिशोब कशाला मांडलात?"

"मोजमाप चालू होतं तोवर तू विचारलं नसतंस," तो म्हणाला, "परत कधी जाणार म्हणून."

भरली कळशी कमरेवरून खाली ठेवावी तसं रहिमाला हलकं वाटलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यालाही आणि तिलाही. भात घरचं होतं, नारळ घरचे होते, आणि माणूस घरी होता. ती त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली, पाय पुढे पसरून, उघडपणे.

"कागद आणा," ती म्हणाली. "आता खरा हिशोब करू."

मंगळुरी कौलं पहिल्यांदा गेली. मग छपरातली काच. तिसरी चूल गेली, कारण दोन माणसांना तीन चुली कशाला? फळ्या पाचाच्या दोन झाल्या. ओटा राहिला आणि धुराडं राहिलं. बेरीज अठ्ठेचाळीसवर आली. उरलेल्या बासष्टात वर्ष काढायचं होतं. येता रमजान सरला की लग्नं सुरू होतील, हारुन म्हणाला, आणि चाळीस माणसांना रांधणाऱ्याला चारशे माणसांची डेग काही अवघड नाही.

दुपारी तो बुबूकडे गेला आणि तिच्या पुढ्यात बसून म्हणाला, "तिचा पाय वळत नाही, बुबू. ओटा उंचच करायचा आहे."

"मला कुणी सांगितलं नाही," एवढंच बुबू बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेकायला निरगुडीचा पाला पाठवला, आणि मागोमाग बैलगाडीतून पडक्या गडग्याचे, म्हणजे कुंपणाच्या भिंतीचे, साठ चिरे. बेरीज एक्केचाळीसवर आली.

काम नऊ दिवस चाललं. ओट्याची उंची रहिमाच्या कमरेची धरली, त्यामुळे हारुनला तिथे वाकावं लागायचं आणि तो दिवसातून दोनदा कुरकुरायचा. चुली पेटवल्या त्या पहिल्या दिवशी धूर सगळा परत घरात आला. धाकू शिडी लावून वर चढला, धुराड्याचा पत्रा हातभर वाढवला, तेव्हा कुठे धूर वाट धरून वर गेला.

त्या दुपारी रहिमाने उभ्यानं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. हात लांब केला की पीठ, वर केला की मीठ. अर्धं कालवण होईपर्यंत गुडघ्याची आठवणही आली नाही. हारुनला गप्प बसवेना. सुरी घेऊन तो तिच्या बाजूला उभा राहिला आणि बोटीवरच्या सवयीने खटाखट कांदे चिरू लागला. ती बांगडे धुऊन वळली तोवर ओट्यावर ढीग झाला होता.

"किती चिरलेत?"

हारुनने मोजले. "अकरा."

"आपण दोघंच आहोत," रहिमा म्हणाली. मोठ्या टोपात तिने आणखी सहा बांगडे टाकले, आणि त्याला बुबूला जेवायला बोलवायला पाठवलं.