एकतीस वेळा ‘नाही’

मित्रांनो, आधी नुसतं ऐका. मध्ये कुणी बोलू नका, कारण मी एकदा थांबलो ना, तर पुढचं सांगायचा धीर होणार नाही.

मी एक जुनं स्मार्ट लॉक आहे. हसा, हसा! वय विचाराल तर पुरती तीन वर्षंही नाहीत. पण सध्या मी एका फिटरच्या पत्र्याच्या डब्यात पडलोय, गंजलेल्या स्क्रूंमध्ये, एका मोडक्या पकडीला टेकून. पोटातले सेल काढून घेतलेत. म्हणजे जुनंच की. सेल नसले की दिवा लागत नाही, पण आठवतं मात्र सगळं, हीच तर पंचाईत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे एक लोखंडी बोट होतं, ते दिवसभर मला टोचायचं. मग एकदा एका इंजिनिअर बाईंनी रबराचं खोटं बोट आणलं, हुबेहूब खऱ्यासारखं, आणि माझ्या काचेवर ठेवलं. मी एका क्षणात ओळखलं आणि लाल दिवा लावला. नाही! बाईंनी टाळी वाजवली. म्हणाल्या, “शाब्बास रे माझ्या राजा!” बस, तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं की ‘नाही’ म्हटलं की शाबासकी मिळते.

मग मी एका घरी आलो. तिसरा मजला, जिन्याच्या टोकाचं दार. त्या दारावर माझ्या आधी एक पितळी कुलूप होतं, मुठीएवढं, सव्वीस वर्षांचं. मी त्याला पितळीकाका म्हणायचो. झालं असं, की खालच्या मजल्यावर चोरी झाली. तिथलं कुलूप जसंच्या तसं होतं हो, चोरानं आख्खी कडीच स्क्रूंसकट उपटली होती. पण नाव कुणाचं खराब झालं? कुलपाचं! लगेच या घरचा मुलगा सुट्टी काढून आला, बसनं सहा तासांचा प्रवास करून, आणि पिशवीत खोक्यासकट मी.

घरात राहायची फक्त आई. ती पुस्तकं बांधायची. शाळांच्या, वाचनालयांच्या फाटक्या पुस्तकांचे गठ्ठे तिच्याकडे यायचे आणि नवे होऊन जायचे. बाहेरच्या खोलीत पुस्तकं दाबायचा एक शिकंजा, सुया, दोरा, आणि गॅसच्या शेगडीवर चिकटवायची खळ शिजवायचं पातेलं. दिवसभर कागदाला घडी घालायची आणि तिच्यावरून अंगठा आणि बोट दाबून फिरवायचं, सर्र, सर्र. तीस वर्षं हेच.

फिटरनं मला बसवलं आणि ऐटीत म्हणाला, “बाई, आता किल्ली विसरा. तुमचं बोट हीच किल्ली.”

“आणि बोट कापलं तर?” आईनं विचारलं.

“तर दुसरं लावा. नऊ उरतात की!”

सगळे हसले. पण तिचं बोट काही माझ्यात नोंदवलं जाईना. एकदा, दोनदा, पाचदा. फिटर म्हणाला, “थंडीनं होतं असं. जरा कपाळावर घासा बोट, तेलकटपणा येतो.” तिनं घासलं आणि सहाव्या वेळी जमलं. मला एक फिकट, पुसटसा ठसा मिळाला. मला तेव्हाच काहीतरी म्हणायला हवं होतं. पण मी हिरवा दिवा लावून मोकळा झालो. नवीन नवीन हौस असते ना!

पितळीकाकांना आईनं फेकलं नाही. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर टांगलं. त्यामुळे आमच्या गप्पा व्हायच्या.

“काका, तुम्ही विचारायचा नाहीत, कोण आलंय म्हणून?”

“छे. किल्ली बसली की उघडायचं.”

“म्हणजे चोराकडे किल्ली असली तरी?”

“असली तरी,” काका म्हणाले. “आणि समोरच्या काकूंकडे असली तरी.”

मला तेव्हा ते गावंढळ वाटलं, खरं सांगतो.

समोरच्या काकू म्हणजे समोरच्या दारातल्या. दुसरी किल्ली वीस वर्षं त्यांच्या कपाटातल्या वाटीत असायची. आई कुठे निघाली की किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि म्हणायची, “येते हं.” मग दहा मिनिटं दारातच गप्पा. मुलानं ती किल्ली परत मागितली. “काकू, रागावू नका, पण हल्ली कशाचा भरवसा नाही.” काकूंनी दिली. वर हसून म्हणाल्या, “घे बाबा. उद्या काही गेलं तर आमच्याकडे बोट नको.” हसल्या खऱ्या, पण पुढे आठवडाभर त्यांचं दार उघडलं नाही.

आणि माझं दुसरं काम तर सांगायचंच राहिलं. मी सगळं मुलाच्या मोबाइलवर कळवायचो. आई गेली, आई आली, बोट बरोबर, बोट चूक, तारीख, वेळ, सगळं. काका एकदा हळूच म्हणाले, “मी सव्वीस वर्षं इथे आहे. ती कधी गेली, कधी आली, हे मी कुणाला सांगितलं नाही रे.” मी म्हटलं, “काका, याला सुरक्षा म्हणतात!”

सुरुवातीला बरं चाललं होतं, कारण बोट नाही चाललं तर सहा आकड्यांचा कोड होता. आता गंमत बघा. पुस्तक बांधणारे प्रत्येक घडीवर पेन्सिलीनं बारीक आकडा घालतात, नाहीतर पानांची उलटापालट होते. हाताला सवयच ती. आईनं काय केलं, तो कोडसुद्धा दाराच्या चौकटीवर लिहिला, नाजूक पेन्सिलीनं, घड्यांवर लिहायची तस्साच! तिला तो तोंडपाठ होता हो. पण लिहिल्याशिवाय तिच्या हाताला चैन पडत नव्हतं. मुलगा पुढच्या वेळी आला आणि बघतच राहिला.

“आई! हे काय? चोरानं यावं आणि वाचून आत जावं?”

“अरे, ते आपलं सहज...”

“सहज काय? सहा आकडे लक्षात राहत नाहीत का तुझ्या?”

त्यानं चौकट खोडरबरानं पुसली आणि मोबाइलवरून कोडच काढून टाकला. आता फक्त बोट. आणि जाता जाता त्याच्या मनात एक शंका बसली, की आईला आठवत नाही.

मग शाळेची आठशे पुस्तकं आली. आई सकाळपासून घड्या दाबायची, सर्र, सर्र, आणि तो फिकट ठसा दिवसागणिक आणखी फिकट. मी आज चारदा नाही म्हणायचो, उद्या सहादा. ती कपाळावर बोट घासायची, कपड्याला पुसायची, पुन्हा लावायची. प्रत्येक वेळी मी कळवायचो. मग फोन यायचा, आई जिन्यात उभी राहूनच बोलायची.

“आई, आज सकाळी सहा वेळा चुकलं?”

“अरे, हे दार ऐकतच नाही.”

“दार ऐकत नाही? उजवं बोट लावतेस ना?”

“मला माझं उजवं-डावं कळतं रे!”

“चिडू नकोस गं. विचारलं फक्त.”

फोन ठेवल्यावर मात्र ती उजवा हात वर करून बघायची. तिलाच वाटायला लागलं होतं, की आपलंच काहीतरी चुकतंय.

आणि मग ती दुपार. आईनं खळ मंद आचेवर ठेवली होती. खालून पुठ्ठेवाल्या हमालानं हाक मारली, गुडघे दुखत असल्यानं त्याला तीन मजले चढवत नव्हते. दोन मिनिटांचं काम, म्हणून ती चप्पल न घालताच उतरली. फोन आत, दार सताड उघडं. काका दारावर असते तर काहीच झालं नसतं, कारण कुणी हातानं लावल्याशिवाय ते लागत नाहीत. पण वाऱ्यानं दार लोटलं आणि मी? मी आपोआप लागलो. खट्ट. आणि मला अभिमान वाटला, मित्रांनो, अभिमान!

ती पुठ्ठे घेऊन वर आली. बोट ठेवलं. नाही. पुन्हा. नाही. पाच चुका झाल्या की मी तीन मिनिटं कुणाचंच ऐकत नाही, नुसता ठणाणा करतो. आतून करपल्याचा वास यायला लागला. काकू धावत बाहेर आल्या. “अगं, काय झालं?” आणि त्यांचा हात सवयीनं मागे कपाटाकडे गेला, पण वाटीत किल्ली कुठे होती? त्यांनी मुलाला फोन लावला, एकदा, दोनदा. त्याला तिथून मला उघडता आलं असतं. पण तो मीटिंगमध्ये होता आणि मोबाइल टेबलावर पालथा.

आई माझ्याशी बोलायला लागली. “उघड ना रे. अरे, मीच आहे.”

आणि मला माहीत होतं! शप्पथ, मला माहीत होतं. ती बोट जरासं तिरकं ठेवायची, तिच्या बोटाची ऊब, घाईत असली की काचेवर पडणारा तो ठोका, हे सगळं मला ठाऊक होतं. पण या कशावरूनही दार उघडायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. मला रेषा हव्या होत्या. आणि रेषा नव्हत्या.

एकतीस वेळा तिनं बोट लावलं आणि एकतीस वेळा मी नाही म्हटलं. बत्तिसाव्या वेळी तिनं बोट उचललं, पण लावलं नाही. कपाळच टेकलं माझ्यावर.

शेवटी तो हमाल दुखऱ्या गुडघ्यांनी वर आला आणि खालून आणलेल्या पहारीनं चौकट फोडली. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नाही, लाकूड मात्र उभं चिरलं. कुणाला इजा झाली नाही. पातेलं कोळसा झालं, भिंत काळी झाली आणि शेगडीजवळचा पुस्तकांचा एक गठ्ठा जळाला.

दुसऱ्या दिवशी मुलगा आईला आपल्याकडे न्यायला गाडी घेऊनच आला. मला काढायला फिटरही आला. त्यानं सहज आईचा हात उजेडात धरला आणि चपापला. “बाई, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत की! कागदानं घासून गेल्यात. माझ्या वडलांचं असंच झालं होतं, विटा उचलून उचलून.”

आईचा चेहरा असा उजळला, की काय सांगू! “म्हणजे मी विसरले नव्हते!” ती लगबगीनं मुलाकडे गेली. “अरे, बघ, हे काय म्हणतायत...”

“आई, राहू दे ना आता.” त्यानं मोबाइल पुढे धरला. “हे बघ. तारीख, वेळ. एकतीस वेळा ‘चुकीची व्यक्ती’. मशीन कशाला खोटं बोलेल?”

“साहेब, मशीन खोटं नाही बोलत, पण...”

“तुम्ही काढा हो ते!” मग तो आईकडे वळला. “आई, हा मोबाइल वाजला ना, की वाटतं, तुला काहीतरी झालं. रोज. मला नाही सहन होत गं.”

आईनं तो मोबाइल त्याच्या खिशात ठेवला. मग एवढंच म्हणाली, “बरं. चल.” शिकंजा गाडीत मावला नाही. तो तिथेच राहिला.

चिरलेल्या चौकटीला फळी ठोकून फिटरनं जुनी कडी लावली आणि कडीत पितळीकाका. मी फिटरच्या पिशवीतून बघत होतो. आईनं किल्ली फिरवली. काका एका झटक्यात लागले, काही न विचारता. मग ती समोर गेली, काकूंच्या हातात किल्ली ठेवली आणि नेहमीसारखं म्हणाली, “येते हं.”

“ये,” काकू म्हणाल्या. किल्ली मुठीत धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना दारावर जरूर बसवा, आम्ही वाईट नाही. पण एक किल्ली समोरच्या घरी असू द्या. आणि मोबाइल म्हणाला ‘चूक’, तर आधी त्या माणसाचा हात आपल्या हातात घेऊन बघा.

मी अजूनही त्या दुपारीच अडकलोय. मला रबराचं बोट ओळखता आलं आणि तिचं नाही. आता खरं खरं सांगा, माझ्या जागी तुम्ही असता, फक्त ‘नाही’ म्हणायला शिकलेले, आणि ती तुमच्यावर कपाळ टेकून उभी असती, तर तुम्ही काय केलं असतं?