हुबेहूब चिमणी

मित्रांनो, शाळेच्या पटांगणातली ती रंगीत भिंत म्हणजे मी. माझी गोष्ट उभ्यानेच सांगते, बसणे काही माझ्या नशिबात नाही.

मला बांधताना गवंड्यांनी परांचीचे वासे माझ्या अंगात खोचले होते. काम संपले, वासे निघाले, भोके मात्र तशीच राहिली. ‘नंतर बुजवू’ म्हणून गेलेले गवंडी कुठले परत येतात! शेजारच्या भिंती कशा गुळगुळीत, आणि मी ही अशी. मला फार लाज वाटे. पण पुढे त्या भोकांत चिमण्या राहायला आल्या आणि माझे दिवस पालटले. काड्या, पिसे, दोरे, एकदा तर कुणाच्या तरी वहीचे अर्धे पान. त्यांची भांडणे शाळेच्या घंटेआधीच सुरू होत. मला त्यांचा लळा लागला.

मग ठरले, की पालक, शिक्षक आणि मुले मिळून माझ्यावर निसर्गचित्र काढणार. बहुतेक भोके आधीच बुजवली गेली. त्यांतल्या चिमण्या मुकाट्याने निघून गेल्या. रंगकामाच्या दिवशी सकाळी वरचे एक भोक राहिलेले दिसले. चित्रकलेच्या बाई मनाने चांगल्या होत्या, हे आधीच सांगते. भोके बुजवायला आलेल्या गवंड्याला त्या म्हणाल्या, “तेवढं पुट्टीनं भरून टाका. चित्रात बरं दिसत नाही.”

पहिलीतल्या एका बारक्या मुलीला सगळे पिटुकली म्हणत. तिने बाईंचा हात ओढला.

“बाई, त्यात पिल्लं आहेत. मी ऐकलीयत.”

गवंड्याने शिडीवरून भोकात बोटे घातली. भोक खोल होते. “काही नाही हो, नुसता कचरा आहे.”

“आहेत!” पिटुकली रडकुंडीला आली.

“अगं, रडतेस काय वेडे?” बाई म्हणाल्या. “आपण तिथेच छान चिमणी काढू. ती तर कधी उडूनही जाणार नाही.”

पिल्ले आत होती, मित्रांनो. मला तोंड असते तर मी सारी शाळा डोक्यावर घेतली असती. पण पुट्टी बसली, वाळली आणि दुपारी बाईंनी त्यावर चिमणी रंगवली.

थोड्या वेळाने, सकाळपासून माणसांना भिऊन दूर राहिलेली पिल्लांची आई आली. चोचीत अळी होती. ती माझ्या अंगावर नखे रोवून लोंबकळली, फडफडली, पडली, पुन्हा आली.

“अरे, बघा बघा! खरी चिमणी फसली!” कुणीतरी ओरडले. “बाई, काय हुबेहूब काढलीत हो!”

टाळ्या पडल्या. फोटो निघाले. पिटुकली शिडी चढू लागली, तर तिच्या बाबांनी तिला उचलून खाली घेतले.

“तिला तिची पिल्लं हवीत,” ती हुंदके देत म्हणाली.

“किती गोड बोलते!” असे म्हणून सगळे हसले.

दिवे लागेपर्यंत माझ्या आतून चिवचिव येत होती. नंतर आली नाही. आई मात्र दुसऱ्या दिवशीही आली.

मित्रांनो, जुन्या वस्तू आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून रडतात. मला सगळे विचारतात. दरवर्षी माझा रंग ताजा करतात, दुसऱ्या शाळांतली मुले मला पाहायला येतात. माझ्यावर आता पुष्कळ पक्षी आहेत आणि सगळे गप्प आहेत. माझ्यासाठी काही करू नका, करण्यासारखे काही उरलेले नाही. फक्त कुठे एखादे पोर रडत ‘थांबा’ म्हणाले, तर हातातली थापी खाली ठेवा. मला ती थांबवता आली नाही.