तात्यांची हॅट आटली तेव्हा

मी फेल्टची हॅट बोलते आहे. पळसदेवच्या रामहरी तात्यांची. जे घडले त्यातील माझा वाटा आरंभीच सांगते. तात्यांच्या तेराव्याच्या दिवशी, भरल्या पंगतीसमोर, त्यांच्या मुलाच्या डोक्यावर मी बसले नाही. मी आटले होते. मला उकळत्या पाण्यात घातले तात्यांच्या पत्नीने, प्रयागबाईंनी. दोष आला सुनेवर, निकितावर. खरे काय ते आम्हा तिघींनाच ठाऊक होते. त्या दिवशी त्या दोघी बोलल्या नाहीत आणि मला तोंड नाही.

माझा जन्म मेंढीच्या लोकरीतून झाला. घोंगडी ही माझी लांबची बहीण. परंतु ती मागावर विणली जाते, मला कोणी विणलेले नाही. कढत पाणी, वाफ आणि दाब यांनी लोकरीचे केस एकमेकांत घट्ट गुंतवले, मग लाकडी साच्यावर ओढून माझा माथा घडवला. कड पसरवली, आतून चामड्याची पट्टी शिवली, बाहेरून काळी फीत लावली. साच्यावरून उतरलेल्या फेल्टला पुन्हा कढत पाणी दाखवायचे नसते. ज्याने आपल्याला घडवले त्याच्याच हातून आपला घात होऊ शकतो, एवढे ज्ञान मला जन्मतःच होते. त्याचा उपयोग मात्र काही झाला नाही.

पुण्यात लष्कर भागातील एका दुकानातून मला केशवरावांनी विकत घेतले. ते मोजणीचे अधिकारी होते. उजनीच्या धरणाचे पाणी कोठपर्यंत चढेल, याच्या खुणा करीत ते गावोगाव हिंडत. मोजणीची साखळी धरायला पळसदेवचा एक वीस वर्षांचा तरुण असे, रामहरी. भर उन्हात तो उघड्या डोक्याने चाले. बदलीचा हुकूम आला त्या दिवशी केशवरावांनी मला स्वतःच्या डोक्यावरून उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवले आणि माझी निगा कशी राखायची ते सांगितले. नुसती वस्तू कोणीही देतो. केशवरावांनी वस्तूबरोबर तिचे नियमही दिले, म्हणून मी त्यांना आजही मानते.

ते नियम तात्यांनी पन्नास वर्षे मोडले नाहीत. मला माथ्याच्या चिमटीत धरून ते कधी उचलत नसत, कारण घडी पडून पडून तेथेच चीर जाते. दोन्ही हातांनी कडेला धरीत. खुंटीला त्यांनी मला कधी टांगले नाही. पावसात भिजले तर उन्हात किंवा चुलीजवळ नेत नसत. चामड्याची पट्टी बाहेर उलटवून, मला माथ्यावर उताणी ठेवून, सावलीत वाळवीत. इंदापूरच्या बाजारात पेरू घेऊन गेले, की आडत्यासुद्धा त्यांना हॅटवाले तात्या म्हणून हाक मारी.

उन्हाळ्यात धरणाचे पाणी उतरून जुन्या गावचे देऊळ वर येई, तेव्हा तात्या काठावर उभे राहून मला हातात घेत. ज्या साखळीने ते गाव पाण्याखाली मोजले गेले तिचे एक टोक आपण धरले होते, ही गोष्ट त्यांनी घरात कधी बोलून दाखवली नाही. त्यांच्या बोटांवरून मला ती कळे.

प्रयागबाईंना मात्र मला स्पर्श करण्याची मनाई होती. लग्न होऊन आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मला झटकायला घेतले, आणि तात्या म्हणाले, तेलाचे हात लावू नको. त्यात चूक काही नव्हते. तेलाचा डाग माझ्यावरून खरोखर निघत नाही. तथापि ते वाक्य पंचेचाळीस वर्षे तसेच राहिले. हात धुऊन लाव, असे त्यांनी एकदाही म्हटले नाही.

पुढे तात्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला. तेव्हा त्यांनी मला सुनेच्या स्वाधीन केले. निकिता वरकुट्याची. तिने पेरूच्या पुठ्ठ्याच्या पेटीला वारा खेळावा म्हणून भोके पाडली, आत कोरा कागद चुरगाळून माथ्यात भरला आणि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी एका कोपऱ्यात ठेवली. कसर लागू नये म्हणून दर पंधरा दिवसांनी ती मला बाहेर काढी आणि मऊ ब्रशने एकाच दिशेने झाडी. तात्या बाजेवर बसून विचारीत, "उलटा न्हाय ना फिरवला?" ती म्हणे, "न्हाय तात्या." प्रयागबाई उंबऱ्यात मेथी निवडत हे ऐकत. त्या माझ्याकडे कधी पाहत नसत. न पाहण्याचाही एक भार असतो, तो मी सोसला आहे.

गेल्या पौषात तात्या गेले. त्यांनी एक इच्छा सांगून ठेवली होती. आमच्याकडे तेराव्याला मामाने भाच्याच्या डोक्यावर नवी टोपी ठेवायची रीत आहे. त्या दिवसापासून तो घरचा कर्ता. आपल्या माऊलीच्या डोक्यावर नव्या टोपीऐवजी हॅट ठेवावी, असे तात्या म्हणाले होते. माऊली हा त्यांचा एकुलता मुलगा. पेरूची बाग तोच पाहतो. तो तात्यांसमोर फारसा बोलत नसे. पण ही इच्छा ऐकल्यापासून त्याने दोनदा पेटी उघडून मला नुसते पाहिले होते.

दहाव्याला पुरुषमंडळी घाटावर गेली होती. सुतक फिटताना घरातील सगळे कपडे, सगळी अंथरुणे धुवायची असतात. अंगणात चुलीवर मोठ्या हंड्यात पाणी उकळत होते. निकिता गोठ्यात होती. प्रयागबाईंनी हंड्यात तात्यांची धोतरे घातली, सदरे घातले, घोंगडी घातली. मग त्या आत आल्या आणि त्यांनी पेटी उघडली. त्यांचे हात ओले होते. त्या मनाईनंतर प्रथमच त्यांनी मला हातात घेतले, आतल्या पट्टीजवळ नाक नेले आणि किती तरी वेळ तशाच उभ्या राहिल्या. त्या पट्टीत तात्यांच्या केसांचा वास होता.

"समदं धुवायचं म्हंजी समदं," त्या मलाच म्हणाल्या. "तुला काय सोनं लागलंय?"

त्यांनी मला हंड्यात सोडले आणि काठीने खाली दाबले.

निकिता धावत आली. तिने उघड्या हाताने मला बाहेर ओढले. तिची बोटे भाजली. तोपर्यंत लोकर आवळली होती. सासूकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "आत्या, तुमी आत बसा." मला तिने सावलीत ठेवले. बोटांना तूप लावून ती पुन्हा शेण भरायला गेली.

तीन दिवसांत ती कोणाला काही सांगू शकली असती. तिने सांगितले नाही. मीही कागद भरलेल्या माथ्याने पेटीत पडून राहिले; फुगण्याचा प्रयत्न केला असे म्हटले तर ते असत्य ठरेल.

तेराव्याला प्रयागबाईंचे धाकटे भाऊ, आबासाहेब, बावड्याहून आले. त्यांनी पेटीतून मला काढले आणि माऊलीच्या डोक्यावर ठेवले. मी त्याच्या टाळूवर बसले. कानापासून चार बोटे वर. आबासाहेबांनी दोन्ही हातांनी दाबून पाहिले. मी घसरून त्याच्या मांडीवर पडले. पंगतीतून कोणीतरी म्हणाले, "ही हॅट हाय का नारळाची करवंटी?" दोघे-तिघे हसले. एका वृद्ध चुलत्याने हळूच म्हटले की, याला कर्ता करावे हे तात्यांच्या मनातच नसेल. ते वाक्य माऊलीच्या कानापर्यंत पोहोचले. त्याचा चेहरा कसा झाला ते मी खालून पाहिले. मग आबासाहेबांनी रीत म्हणून सोबत आणलेली पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून विधी उरकला.

हॅट कोणी धुतली, असे आबासाहेबांनी विचारले. हॅट कोणाच्या ताब्यात असते, हे सगळ्यांना माहीत होते. त्यामुळे उत्तराची वाट कोणी पाहिली नाही. निकिता वाढत होती. तिच्या हातातील भाताचे पातेले क्षणभर थांबले आणि पुढे गेले. प्रयागबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

पाहुणे पांगल्यावर माऊली बायकोला म्हणाला, "बापानं एवढी एकच गोष्ट मागितली व्हती. सकाळी तुझ्या वडलांना बोलावतो. काही दिवस वरकुट्यालाच रहा." किती दिवस, ते त्याने सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकिताने पिशवी भरली. तिचे वडील दहा वाजता येणार होते. तेवढ्या वेळात तिने चहाच्या किटलीत पाणी उकळले आणि मला तोटीपासून वीतभर दूर, वाफेवर धरले. आत पालथा तांब्या घालून चारी बाजूंनी हळूहळू ओढले. मी थोडी सैल झाले, बोटभर. त्याहून अधिक नाही. मग तिने प्रयागबाईंना हाक मारली.

"आत्या, बघून ठेवा. मी नसंन तवा तुमालाच करावं लागंल. माथ्याला धरायचं न्हाय. हितं, कडेला धरायचं. पिलॅस्टिकच्या पिशवीत घालायची न्हाय, आत घाम धरती. पाला दर महिन्याला बदलायचा."

एवढे सांगून तिने मला सासूच्या हातात दिले. आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर प्रयागबाईंना भांडता आले असते. ज्या हातांनी मला बुडवले त्याच हातांत तिने मला दिले, तेही त्या हातांना फडके देऊन, कोरडे करवून. प्रयागबाईंनी मला कडेला धरले; अगदी बरोबर धरले.

त्या मला घेऊन ओसरीवर आल्या. तेथे माऊली आणि रात्री मुक्कामाला राहिलेले आबासाहेब चहा घेत होते.

"हॅट मी उकळली," त्या म्हणाल्या. "तिनं न्हाय. तिनं हात घालून काढली. तिची बोटं बघा."

माऊलीने निकिताची बोटे पाहिली. चार दिवस त्या हाताची भाकरी तो खात होता.

"आय, मग काल का न्हाय बोललीस?"

"लाज वाटली. मला वाटलं, बोल तिला लागला तर चार दिसांत इसरतील. मला लागला तर कोण इसरंल?"

आबासाहेब व्यवहारी गृहस्थ. ते म्हणाले, "अक्का, झालं ते झालं. सूनबाई हितंच राहतील. पर ही गोष्ट घरातच ऱ्हाऊ दे. उगं भावकीत कशाला?"

प्रयागबाईंनी मान हलवली. "पंगतीत बोल लागला, पंगतीतच निघंल. महिन्याच्या जेवणाला तीच माणसं येत्यात. मी उभी राहून सांगनार."

निकिताचे वडील आले, त्यांच्या हातात चहा देण्यात आला, आणि सर्व हकीकत प्रयागबाईंनी त्यांना स्वतः सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. मुलीची पिशवी उचलायला आलेल्या माणसाने ती पुन्हा खाली ठेवली, एवढेच मी पाहिले.

मी पूर्ववत झालेले नाही, होणारही नाही. माझी कड एका बाजूने वाकडी आहे, फीत विटली आहे, पट्टीतला वास गेला आहे. तो वास धुऊन निघाला याचे दुःख प्रयागबाईंइतके कोणालाच नाही, आणि तो धुतला त्यांनीच. वाचकहो, तुमच्या घरी अशी एखादी जपलेली वस्तू असेल, तर तिची निगा घरातल्या सर्वांना शिकवा. ज्या हाताला स्पर्श करू दिला नाही तोच हात एके दिवशी तिला उकळत्या पाण्यात धरतो.

त्या दिवशी जे ठरले ते असे. निकिता वरकुट्याला जाणार नाही. आबासाहेबांनी आणलेली पांढरी टोपी माऊलीने घालायची. ती त्यांनी ओसरीवरच, पंगतीवाचून, पुन्हा त्याच्या डोक्यावर ठेवली. महिन्याच्या जेवणाला प्रयागबाई पंगतीसमोर बोलणार. आणि यापुढे मला सांभाळायचे ते प्रयागबाईंनी. माऊलीने प्रथम होकार दिला, निकिताच्या वडिलांनी मान डोलावली, आबासाहेबांनी सर्वांच्या शेवटी, नाइलाजाने, 'बरं' म्हटले. निकिताला विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझी ना न्हाय. फक्त आत्या, आधी हात साबणानं धुवायचं."

प्रयागबाई म्हणाल्या, "व्हय," आणि हात धुवायला गेल्या.