एकाच हाकेचा माणूस

लाकडाचा बाहुला, बाहुली आणि एक बैल पिशवीत घालून सीताराम मास्तर पवनेकाठच्या वाडीत आले, तेव्हा वाडीतल्या म्हाताऱ्या नवशाआबानं पहिल्यांदा त्यांचीच टोपी उडवली. "मास्तर, शाळा सुटली आन् खेळणी धरली व्हय?"

मास्तर ओशाळले. ते निवृत्त झाल्यावर पुण्याच्या एका प्राध्यापकांनी हे काम त्यांच्याकडे दिलं होतं. ऐकलेलं वाक्य माणसाच्या डोक्यात कसं उलगडतं, याचा अभ्यास. मास्तरांनी वाक्य बोलायचं आणि ऐकणाऱ्यानं वाक्यातलं नेमकं कोण ते खेळण्यांतून उचलून दाखवायचं. असलीच परीक्षा तिकडे कोरियातही चालू होती. "इंग्रजीत माणूस आधी येतो आणि त्याची हकिगत मागून," प्राध्यापक म्हणाले होते. "कोरियनमध्ये हकिगत आधी. आपण 'बाईने ढकललेला माणूस' म्हणतो ना, तसं. माणूस येईपर्यंत ऐकणाऱ्यानं ती हकिगत सांभाळत बसायचं." मास्तरांना हे फार आवडलं होतं. आपल्याला ते झेपेल का, ही धाकधूक मात्र एसटीतून उतरेपर्यंत गेली नव्हती.

वाडीनं खेळ मनापासून घेतला. "बाईला ढकलणारा माणूस" म्हटलं की बाहुला झटकन उचलला जाई. "बाईने ढकललेला माणूस" म्हटलं की हात जरा घुटमळे, कुणी कुणाला ढकललं हे ऐकणारा मनात फिरवून बघे आणि मग हात बाहुल्यावरच जाई. कोरियातही माणसं इथंच अडखळतात, असं प्राध्यापक म्हणाले होते. मास्तर खूश झाले.

पण "बाईने हाक मारलेला माणूस दाखवा" म्हटल्यावर बाहुल्याला कुणी हातच लावेना. कुणी बाहुली उचलली, कुणी बैल. घडण तर ढकलण्याच्या वाक्याचीच होती. मास्तरांना वाटलं, आपलंच सांगणं चुकतंय. त्यांनी पुन्हा सावकाश सांगितलं. हिरी नावाची एक पोरगी तर उठूनच गेली.

"मास्तर, समदं कळतंय आमाला," नवशाआबा हळूच म्हणाला. "पर त्या माणसाला आमी शिवत न्हाई."

मग त्यानं सांगितलं. नदीकाठी तिन्हीसांजेला एका हाकेला ओ द्यायची नाही, असा वाडीचा रिवाज. जिता माणूस दोनदा हाक मारतो. एकदाच येते ती पाण्यातली; ओ दिली की ती माणसाला ओढून नेते. दोन वर्षांमागं श्रावणात गंगीचा नवरा कान्हू नदीत गेला. त्या सांजेला काठावरून गंगीची हाक वाडीनं ऐकली होती, आणि ती एकच. तिनंच त्याला पाण्याला दिला, असं वाडी धरून चालली होती. तेव्हापासून तिच्या दारात कुणी टेकत नव्हतं.

गंगीचं खोपट शेवटचं, नदीकडे तोंड केलेलं. दार सताड उघडं. राहिलेली परीक्षा घ्यायला मास्तर एकटेच तिथं गेले. मास्तरांनी ठरवलं, ते वाक्य हिच्यापुढं काढायचं नाही. त्याऐवजी चाचरत त्यांनी उलटं वाक्य घेतलं. "बाईला हाक मारणारा…"

पुढचा शब्द यायच्या आत गंगीनं बाहुला उचलला.

"अगं, कोण ते अजून सांगितलंच नाही मी. बैलही असेल."

"मला ठावं हाय."

बाहुला तिनं मुठीत घट्ट धरला होता. मास्तरांना तो परत मागवेना.

"आदी मी हाक न्हाई मारली, मास्तर. त्यानं मारली. 'गंगे!' म्हणून. एकदाच. मी चुलीपाशी व्हते. उठले बी. पर रिवाज… दुसरी यील म्हणून थांबले. ती आलीच न्हाई. मंग पळाले, काठावर जाऊन वरडले. दुसऱ्या खेपंला तोंडातून आवाजच फुटंना. वाडीनं ऐकली ती ही हाक."

"मग हे वाडीला सांगायचं नाही का?"

"काय सांगू? त्यानं बोलावलं आन् मी बसून राह्यले, आसं?" ती बाहेर बघत राहिली. "आजून थांबलेच हाय. दार न्हाई लावत. दुसरी आली तर?" मग एकदम वळून म्हणाली, "मास्तर, तुमी शिकल्याली मानसं. तुमी दिली आसती ओ?"

"दिली असती," मास्तर म्हणाले. जरा लवकरच म्हणाले.

तिनं बाहुला परत दिला. तो तिच्या घामानं ओला झाला होता.

मास्तर निघाले तेव्हा दिवस मावळला होता. वाट पाण्याच्या कडेनं जात होती. नदी शांत, चिटपाखरू नाही. परंदवडी गावाच्या बाजूला कुठंतरी एक दिवा लागला होता.

"मास्तर!"

हाक खालून आली, पाण्याच्या बाजूनं. पुरुषाचा आवाज, दमलेला.

मास्तर जागीच थांबले. त्यांनी ओ दिली नाही. नवशाआबा असेल. कुणी मासे धरणारा असेल. असेल तर पुन्हा मारीलच की. एवढा एक विचार त्यांनी घट्ट धरला आणि ते कान देऊन उभे राहिले. पाणी दगडांवरून वाहत होतं. दुसरी हाक आली नाही.

खाली जाऊन बघावं, हे सुचलं तेव्हा बराच वेळ गेला होता. काठावर कुणी नव्हतं.

त्यांनी मान वर केली. वर खोपटाच्या दारात गंगी उभी होती. तिनंही ऐकलं होतं. मास्तर कसे उभे राहिले, तेही तिनं बघितलं होतं. एवढ्या अंतरावरून तिचा चेहरा दिसत नव्हता. काहीतरी सांगावं म्हणून मास्तरांनी हात उचलला, आणि तसाच खाली घेतला.

गंगी वळली. मग आत गेली आणि दोन वर्षं उघडं राहिलेलं दार तिनं लावून घेतलं.

पिशवीतला बाहुला मास्तरांनी चाचपला. अजून ओलाच होता.