गराडूच्या दातांतली वेणी

मित्रांनो, मी एका जुन्या पंच्याची वेणी आहे. लांबीला हातभर, दोन्ही टोकांना घट्ट गाठी, आणि मधोमध इतके दोरे निघालेले की माझा मूळचा रंग आता मलाही नीट सांगता येणार नाही. देवासच्या एका कॉलनीतल्या घरात, वॉशिंग मशीनच्या मागे मी पडलेली असते. इथे कुणी येत नाही. म्हणून आज तुमच्याशी बोलते.

वेणी होण्याआधी मी अशोकरावांचा पंचा होते. अशोकराव कारखान्यातून निवृत्त झालेले. अंघोळ झाली की मला खांद्यावर टाकून गॅलरीत यायचे आणि देवीच्या टेकरीकडे तोंड करून हात जोडायचे. एका थंडीत ते अचानक गेले. त्यांचे कपडे वाटून टाकले, मी मात्र दांडीवरच राहिले. प्रमोदिनीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला मधूनमधून धुवायच्या, पिळायच्या आणि पुन्हा वाळत घालायच्या. वापरणारं कुणी नव्हतं, तरी धुवायच्या.

त्यांचा मुलगा शंतनू बेंगळुरूला नोकरीला. दिवाळीला तो आला, तेव्हा आई टीव्हीतल्या बातम्या देणाऱ्या बाईला उत्तरं देत होती. दुसऱ्या दिवशी बागली गावातल्या मित्राकडून एक पिल्लू घेऊन आला. "आई, तुला सोबत होईल," म्हणाला आणि सुट्टी संपली तसा निघून गेला.

पिल्लाचा रंग अगदी तळलेल्या गराडूसारखा, म्हणजे इकडे थंडीत तळून खातात त्या कंदासारखा. म्हणून नावही गराडूच पडलं. आईच्या कुशीतून त्याला फार लवकर उचललेलं होतं. पहिले काही दिवस ते भिंतीला अंग चिकटवून झोपायचं.

मग ते खेळायला लागलं, आणि खेळता खेळता चावायलाही. साडीचा काठ, पायाची बोटं, हाताचं मनगट, जे हलेल ते तोंडात. दात सुईसारखे. प्रमोदिनीबाईंना हृदयाच्या दुखण्यामुळे रक्त पातळ राहण्याच्या गोळ्या चालू होत्या. एका दुपारी गराडूने लाडात येऊन त्यांचं मनगट धरलं आणि रक्त थांबेचना. फरशीवर थेंब पडत राहिले. हाताला रुमाल बांधून त्या एकट्याच रिक्षाने दवाखान्यात गेल्या, पट्टी बांधून, इंजेक्शन घेऊन आल्या. दारात गराडू शेपूट हलवत उभा होता. त्याला काय माहीत!

त्या संध्याकाळी त्यांनी दुर्गाला फोन लावला. दुर्गा पूर्वी शेजारी राहायची, आता लोहारद्याला सासरच्या शेतावर असते.

"दुर्गा, याला शेतावर ठेवशील का गं? माझ्याच्याने नाही होत."

"ठेवीन ना काकू. संक्रांतीनंतर देवासला येणारे, तेव्हा घेऊन जाईन. तुम्ही बिलकुल टेन्शन नका घेऊ."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ दांडीकडे बघत बसल्या होत्या. दांडीवर मी होते.

गराडूला लस द्यायची होती. जनावरांच्या डॉक्टर इरावतीताईंनी बाईंच्या हातावरची पट्टी पाहिली. तिथे झालेलं बोलणं बाईंनी घरी येऊन शंतनूला फोनवर सांगितलं, ते मी ऐकलं. इरावतीताई म्हणाल्या होत्या, "काकू, हा खराब कुत्रा नाही. पिल्लं एकमेकांना चावतात. जोरात चावलं की दुसरं ओरडतं आणि खेळ सोडून जातं. मग कळतं, किती जोर लावायचा ते. याला ते शिकवायला कुणी भेटलंच नाही. आता भावंडही तुम्ही आणि आईही तुम्ही. चावला की 'आई गं' म्हणा, हात सैल सोडा आणि पाठ फिरवून उठून जा. मारायचं नाही, तोंड दाबायचं नाही. शांत झाला की परत या आणि चावायला त्याची स्वतःची वस्तू द्या."

घरी आल्यावर बाईंनी मला दांडीवरून काढलं. एकदा चेहऱ्याला लावलं. मग कात्रीने माझ्या तीन लांब पट्ट्या केल्या. पट्ट्यांची वेणी घातली, टोकांना गाठी मारल्या आणि मला गराडूपुढे हलवलं.

मित्रांनो, कुणाला तरी आपण हवे आहोत, हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं.

पण शिकवणं सोपं नव्हतं. गराडू मला ओढायचा, मध्येच मला सोडून बाईंचं बोट धरायचा. बाई "आई गं!" म्हणायच्या आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटून घ्यायच्या. दाराच्या अलीकडे गराडू कुंईकुंई करायचा. पलीकडे बाई ओट्याला टेकून उभ्या असायच्या, भांड्याचाही आवाज नसायचा. मधे फरशीवर मी पडलेली. तेवढ्या वेळात त्या घरात तीन जण असायचे आणि तिघंही एकटे. मग दार उघडायचं, बाई खाली बसायच्या, मला उचलायच्या आणि म्हणायच्या, "हं, ये. गेले नाही मी कुठे."

हळूहळू त्याचे दात सौम्य व्हायला लागले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा अर्पित आला. "काय भिया, पहलवान!" म्हणत त्याने गराडूला हातानेच डिवचलं, बोटं तोंडात देऊन कुस्ती खेळला आणि हसत निघून गेला. त्याच संध्याकाळी गराडूने तसंच बाईंच्या हातावर झेप घेतली. पुन्हा रक्त आलं.

"अर्पित, तुझा खेळ झाला रे, पण हे बिचारं आता घराबाहेर जाणार," त्या दुसऱ्या दिवशी त्याला म्हणाल्या. अर्पित ओशाळला. "सॉरी काकू, मला वाटलं लहान आहे, क्या होता है." त्यानंतर तोही आला की आधी मला शोधायचा.

संक्रांत झाली. दुर्गा आली, सोबत पिल्लासाठी टोपली घेऊन. बाईंनी गराडूची वाटी धुवून पिशवीत ठेवली होती. मला पिशवीत टाकायला मात्र त्या विसरल्या होत्या, की विसरल्यासारखं केलं होतं, कोण जाणे. दुर्गाला बघून गराडू आनंदाने वेडा झाला. उड्या मारता मारता त्याने बाईंचा तोच हात तोंडात धरला. दुर्गा ओरडली, "काकू, हात!"

बाई काही ओरडल्या नाहीत. अगदी हळू म्हणाल्या, "आई गं."

गराडूने जबडा सैल सोडला. हात चाटला. मग इकडे तिकडे बघत धावत आला, मला तोंडात धरलं आणि नेऊन बाईंच्या मांडीवर टाकलं.

हातावर ओरखडासुद्धा नव्हता. दुर्गा टोपली उचलत म्हणाली, "याला काय नेऊ आता? हा तर ऐकतो तुमचं. आणि तुम्ही राहाल का याच्याशिवाय, सच्ची सांगा?"

बाईंनी पिशवीतली वाटी काढून पुन्हा जागेवर ठेवली.

त्यानंतरचे महिने माझे खरे सुखाचे. गराडूचे दूधदात पडले, त्यातला एक माझ्या गाठीत रुतून बसला. आलेल्यागेलेल्याला बाई मला दाखवायच्या, "हिने वाचवलं आम्हा दोघांना."

पुढे गराडू मोठा झाला. त्याला आता काही शिकायचं उरलं नाही, म्हणून माझंही काम उरलं नाही. एकदा धुण्यासाठी मला मशीनवर ठेवलं आणि मी मागे घसरले. कुणी शोधलं नाही. परवा शंतनूची छोटी मुलगी किमया आली होती. गराडू तिच्या तळहातावरून पोळीचा तुकडा इतक्या अलगद घेत होता की ती खिदळत होती. ते हसू मी इथून ऐकलं.

मित्रांनो, तुमच्या घरी पिल्लू आलं तर त्याला हाताशी खेळवू नका, चावलं म्हणून मारू नका आणि लगेच कुणाला देऊनही टाकू नका. त्याला चावायला काहीतरी त्याचं स्वतःचं द्या. शिकवताना त्याच्याकडे पाठ फिरवावी लागेल, ती फिरवा. पण पुन्हा वळा, लवकर वळा. पाठ फिरवून गेलेल्या माणसाची वाट बघणं फार अवघड असतं. मी अजून बघते आहे.