वकीलबाईंनी माझी कड सोडली तेव्हा

मित्रांनो, शिकवणाऱ्यांचे हातही भीतीने थंड पडतात, हे तुम्हाला ठाऊक आहे का? मला आहे. मी कायद्याच्या कॉलेजातला एक जुना लाकडी पोडियम आहे. माझ्यावर कागद ठेवून, माझी कड धरून शिक्षक बोलतात. त्यांचा चेहरा वर्गाला दिसतो. हात मात्र माझ्या वाट्याला येतात.

माझे लाकूड मूळचे कोर्टातले. तिथला साक्षीदाराचा पिंजरा मोडीत निघाला, तेव्हा एका सुताराने त्याच्या फळ्या तासून मला घडवले. "घाबरलेल्या माणसांची सवय आहे याला," तो माझ्यावर हात फिरवत म्हणाला होता. पुढे कितीतरी शिक्षक आले. दर सुट्टीत मला पॉलिश होई. मग भिंतीवर पडदा आला, शर्टाला लावायचे माइक आले, आणि माझ्या कप्प्यात खडूंऐवजी चहाचे रिकामे कप साचू लागले.

अशात वकीलबाई शिकवायला आल्या. कोर्टात त्यांचा दरारा होता म्हणे. इथे मात्र त्या माझी कड सोडतच नसत. तासभर बोलत आणि मध्येच विचारत, "म्हणजे इथं करार झाला, बरोबर ना?" वर्ग एका सुरात "हो बाई" म्हणे. परीक्षेत त्याच मुलांची दाणादाण उडे. शेवटी प्राचार्यांनी सांगून टाकले, "पुढच्या आठवड्यात मी स्वतः मागे बसतो. मग ठरवू, तुम्हाला ठेवायचं की नाही." त्या दिवसापासून बाईंचे तळवे ओले असत. माझ्याही सांध्यांत बारीक कुरकुर सुरू झाली.

शिक्षकांना तास आखायला मदत करणाऱ्या एक बाई कॉलेजात होत्या. सगळे त्यांना आखणीताई म्हणत. त्यांनी एक तास शेवटच्या बाकावर बसून ऐकला. वर्ग रिकामा झाल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही शिकवत नाही, उलटतपासणी घेताय! ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे, तेवढंच विचारताय."

वकीलबाई ताठ झाल्या. "ताई, आमच्याकडे पहिला नियमच तो. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारला, की खटला हातचा गेला."

"तिथं साक्षीदाराला पकडायचं असतं. इथं मुलांच्या डोक्यात काय चाललंय ते कळायला नको? एकच प्रश्न विचारा, पण खरा. आणि मग गप्प बसा."

"आणि कुणीच बोललं नाही तर? प्राचार्यांसमोर?"

"तरी गप्प. तुम्ही उत्तर दिलंत, की मुलं सुटली."

मग दोघींनी माझ्यापाशीच उभ्या राहून तो प्रश्न तयार केला.

ठरल्या दिवशी प्राचार्य मागे येऊन बसले. वकीलबाईंनी विचारले, "एका रंगाऱ्यानं चुकून भलत्याच घराला रंग दिला. घरमालक खिडकीत चहा पीत सगळं बघत होता, पण बोलला नाही. त्याचं गप्प राहणं होकार धरायचं का? तुम्हाला काय वाटतं?"

वर्ग चिडीचूप. कोणी वहीत डोके घातले, कोणी पंख्याकडे पाहू लागले. प्राचार्यांनी घड्याळ पाहिले. बाईंची बोटे माझ्या कडेत रुतली. उत्तर त्यांच्या ओठांवर आलेले मला कळत होते, कारण बोलायला श्वास घेतला, की त्या माझ्यावर किंचित रेलत. माझा डावा सांधा ढिला होता. आता तो वाजला, तर त्या दचकतील आणि उत्तर देऊन टाकतील, या भीतीने मी लाकूड असूनही आणखी ताठरलो.

तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, रंग चांगला लागला होता का?"

वर्ग हसला. "त्याचा काय संबंध?" शेजारची म्हणाली.

"नाही कसा? आवडला म्हणूनच गप्प बसला असेल, लबाड!"

"आणि घाबरला असेल तर? गप्प बसणारे सगळेच लबाड नसतात गं."

वकीलबाईंनी माझी कड सोडली. "घाबरला असेल, तर काय?" असे विचारत त्या बाकांमध्ये शिरल्या आणि तास संपेपर्यंत परत आल्याच नाहीत. जाताना प्राचार्य म्हणाले, "पुढचा तास कधी आहे? त्या रंगाऱ्याचं काय झालं, ते ऐकायचंय मला."

आता मी भिंतीशी उभा असतो. वर्गात शिरताना वकीलबाई अजूनही माझ्या कडेवर क्षणभर हात ठेवतात. तो अजूनही थंडच असतो.

मित्रांनो, मला पुसलेत तर कोरड्या फडक्याने पुसा. ओल्याने माझे सांधे फुगतात. आणि तुमच्या बाई प्रश्न विचारून गप्प उभ्या राहिल्या, तर एकदा त्यांच्या हातांकडे पाहा. चुकीचे का होईना, पण काहीतरी बोला. त्या शांततेत त्या एकट्या असतात, आणि धरायला प्रत्येक वर्गात मी असेनच असे नाही.