लांब सुरातली लहर

“मेला हा पट्टा! खांदा सोलून काढला नुसता,” कुणीतरी थेट तिच्या कानात कुरकुरलं.

तिला हसू आलं. दोन धुनांच्या मधली ही कुरकुर ध्वनिमुद्रणातून काढायची राहून गेली होती. आवाज दादाचा, पट्टा त्याच्या अकॉर्डियनचा. हेडफोन नीट बसवून तिने कागद पुढे ओढला.

अकॉर्डियनवर जीव टाकणाऱ्या मूठभर लोकांसाठी एक मासिक निघायचं, आणि त्यात नव्या ध्वनिमुद्रणांची परीक्षणं ती लिहायची. वाचक थोडे, पण एकेक असा, की एक सूर चुकला तर त्या दिवशी जेवणावरची वासना उडावी. भावाचं आहे म्हणून तिने हे परीक्षण टाळून पाहिलं. संपादकांनी सोडलं नाही.

पुढच्या धुनेत तो लांब सूर आला. असा सूर दादा सरळ धरायचा, ताणलेल्या दोरीसारखा. आता तो थरथरत होता. बारीक, एकसारखी लहर. या लहरीपायीच तर सगळ्यांनी हे वादन डोक्यावर घेतलं होतं.

फोन वाजला. संपादकच.

“ताई, ती लहर तुमचे बंधू कशी काढतात, तेवढं मात्र फोडून लिहा. आपले एक गृहस्थ आठवडाभर भाता हलवत बसलेत. लहर आली नाही, पाठीत उसण तेवढी भरली.”

“लिहिते,” ती म्हणाली. ठरलेल्या जागी हसलीही.

फोन ठेवून तिने तो सूर पुन्हा लावला. अकॉर्डियनचा भाता ओढायचा तो डाव्या हाताने. बाबांचाही डावाच हात आधी गेला होता. सुरुवातीला बशीत कप वाजायचा, एवढंच. मग चमचा तोंडापर्यंत पोचेना, मग पाय उचलेना, शेवटी शब्द फुटेना. त्या दुखण्याचं नाव घरात कुणी घेतलं नाही. ‘बाबांचं ते’ म्हणायचे. ते गेल्यावर तेवढंही कुणी म्हणालं नाही.

तिने स्वतःचा डावा हात समोर धरला. बराच वेळ पाहिला. मग मांडीखाली दाबून त्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी ती दादाकडे गेली. वहिनीने चहा आणला. तिघांना तीन कप. दादाचा निम्माच भरलेला.

“वहिनी, याला एवढासाच?”

“हल्ली त्यांना जास्त लागत नाही,” वहिनी म्हणाली आणि उगाचच टेबल पुसायला लागली. टेबल लख्ख होतं.

“काय चिमणे, फाडलंस का मला?” दादाने विचारलं.

“फाडायला तुझं काही धड तर हवं.”

दादा खो खो हसला. कप त्याने दोन्ही हातांनी उचलला.

“आणि ती लहर? जमलीय ना? नवीन आहे.”

आता बोल, तिने स्वतःला बजावलं. तोंडून निघालं ते भलतंच.

“दादा, एकच सूर वाजवून दाखव ना. आधी लहर घालून, मग काढून. वाचकांना फरक सांगायचाय.”

वहिनीचा हात टेबलावर थांबला.

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग उठला, अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर चढवले, भाता उघडला. सूर आला, लहरीसकट.

“ही घातलेली,” तो म्हणाला.

“हं. आता काढून.”

त्याने ओठ आवळले. कोपर बरगडीशी घट्ट धरलं. भाता सरकला, सूर लांबला, आणि थरथरला.

“थांब हं. पट्टा ढिला झालाय.”

पट्टा आवळायला वहिनी पुढे झाली. तो घट्टच होता. तरी तिने तो पुन्हा बांधला, जपून, वेळ लावून. दादाने पुन्हा सूर धरला. या वेळी त्याने डोळे मिटले होते. कपाळावर घाम आला. लहर तशीच होती, पहिल्यापेक्षा थोडी मोठीच.

आपण हे काय मागून बसलो, असं तिला झालं.

“राहू दे, दादा. कळलं मला. वाचकांना काय, मी लिहीन काहीतरी—”

“काहीतरी नको लिहूस.”

त्याने भाता मिटला. डावा हात पट्ट्यातून सोडवून मांडीवर ठेवला. तिथेही तो स्वस्थ बसेना. तिघंही त्या हाताकडे पाहत राहिले.

“ती काढता येत नाही, चिमणे,” दादा म्हणाला. “बाबांचं ते आहे.”